दूध तोडणे नव्हे, अन्न जोडणे
(स्तनपान सप्ताहानिमित्त रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि जमाखर्च लिहिणाऱ्यास एक गोष्ट सहज उमगते : उष्टावण ही बाळाच्या आहारात पडलेली नवी जमा आहे, आईच्या दुधाची वजावट नव्हे.

पहिले ६ महिने केवळ आईचे दूध, त्यानंतर मऊ वरणभात, नाचणीसत्त्व यांसारखे घट्टसर अन्न आणि जोडीला २ वर्षांपर्यंत वा त्याहून अधिक काळ स्तनपान, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पुढे दूध सोडवायचे झाल्यास दिवसातील एकेक पाजणे कमी करीत सोडवावे. एकाएकी तोडल्यास आईच्या छातीत दूध साकळून गाठी होतात; बाळही कावरेबावरे होते.

काही दानशूर मंडळी बालकांसाठी दूध-पावडरीचे डबे व बाटल्या प्रेमाने देऊ इच्छितात. तथापि १९९२ च्या कायद्यानुसार अनाथालयाखेरीज इतरांना या वस्तू दान करता येत नाहीत. म्हणून देणगीदारांनी वाटी-चमचे द्यावेत आणि घरच्यांनी बाळंतिणीस पाजण्यापुरती तरी निवांत सवड द्यावी, ही नम्र विनंती.