घर, व्यवसाय आणि शेजारधर्म



महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांच्या निवासी वस्त्यांत एक नवा घरगुती उद्योग मूळ धरीत आहे. बंगल्याचे अंगण, तळमजल्यावरील दिवाणखाना किंवा गच्ची वाढदिवस, बारसे, डोहाळजेवण, साखरपुडा, मेंदी, हळद अशा समारंभांसाठी भाड्याने दिली जाते. सजावट, भोजन, ध्वनियंत्रणा, छायाचित्रण ही सारी व्यवस्था घरमालकच करून देतो. मंगल कार्यालयाचे भाडे न परवडणाऱ्या यजमानाची त्यात सोय होते आणि निवृत्त गृहस्थाला किंवा घर सांभाळून काही करू पाहणाऱ्या गृहिणीला चार पैसे मिळतात. व्यवहार दोघांचा, दोघांच्या संमतीचा आणि दोघांच्या लाभाचा आहे.

परंतु या व्यवहारात ज्याला कोणी विचारलेले नसते असा एक तिसरा घटक असतो. तो म्हणजे शेजारी. त्याच्या घरी दहावीचा विद्यार्थी असतो, रुग्ण असतो, वृद्ध आईवडील असतात. पहिले दोन समारंभ तो कौतुकाने पाहतो, पुढचे चार सोसतो आणि मग महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात तक्रारअर्ज देतो. तेथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. घरातून चालणारा व्यवसाय कोठपर्यंत घरगुती असतो आणि कोणत्या क्षणी तो घराचे कार्यालय करून टाकतो?

‘निवासी भागात धंदा नकोच’ हे या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. तसे असते तर महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा एक उद्योग जन्मालाच आला नसता. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातून ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. पीठ केंद्रावर मळायचे, भगिनींनी ते घरी नेऊन पापड लाटायचे आणि तयार पापड केंद्रावर आणून द्यायचे, अशी तिची पद्धत. हजारो घरे कामाची ठिकाणे बनली, पण त्यामुळे भिंतीपलीकडच्या माणसाची झोप मोडली नाही. घरात उद्योग असणे आणि घराचा शेजाऱ्यांना उपद्रव होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या एका उदाहरणावरून ध्यानी यावे.

कायद्यानेही नेमका हाच विवेक केलेला आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने आपल्या देशात नगरनियोजनाच्या कायद्याचा पाया घातला. आज महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम लागू आहे. या अधिनियमातील ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत केवळ बांधकाम येत नाही. इमारतीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदलही येतो. म्हणजे एकही वीट न हलविता घराचे समारंभगृह केले, तरी त्याला परवानगी लागते, आणि ती नसेल तर असा वापर थांबविण्याची नोटीस देण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाला आहे.

याच कायद्याखालील विकास नियंत्रण नियमावलींत ‘घरगुती व्यवसाय’ ही स्वतंत्र संज्ञा आढळते. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीतील तिची व्याख्या प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावावी इतकी अर्थपूर्ण आहे. हा व्यवसाय त्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयाने करावा. त्यासाठी मजुरीने माणसे ठेवू नयेत. आत व्यवसाय चालतो असे बाहेरून दर्शविणारे काही नसावे. तेथेच तयार झालेल्या वस्तूंखेरीज अन्य काही विकू नये. घरात वापरतात त्याहून वेगळी यंत्रसामग्री नसावी. रहिवाशांच्या आणि परिसराच्या सुरक्षिततेला धोका नसावा. सर्वांसाठी खुले असे खाण्यापिण्याचे ठिकाण तर या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहे.

या कसोटीवर समारंभ-उद्योगाचे दोन भाग सहज वेगळे होतात. घरी बसून समारंभांची आखणी करणे, हिशेब ठेवणे, रुखवत मांडण्यासाठी वस्तू तयार करणे, तोरणे आणि फुलांची सजावट सिद्ध करणे, पुरणपोळ्यांची मागणी घरच्या स्वयंपाकघरात पुरी करणे, हे सारे घरगुती व्यवसायाच्या आशयाला धरून आहे. याउलट प्रत्यक्ष समारंभ घरी भरविणे म्हणजे आचारी आणि वाढपी आले, जनित्र आले, फलक आणि रोषणाई आली, शंभर पाहुणे आणि त्यांची वाहने आली. या व्याख्येतील बहुतेक अटी येथे एकाच संध्याकाळी मोडतात. व्यवसाय तोच, कष्ट करणारी व्यक्ती तीच. पण एक भाग घरात मावतो आणि दुसरा भाग घराबाहेर सांडतो. स्थानिक निर्णय या भेदावर आधारलेला असला पाहिजे.

घराबाहेर सांडणाऱ्या गोष्टींत सर्वांत त्रासदायक आवाज. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. व्यापारी क्षेत्रात ती अनुक्रमे ६५ आणि ५५ आहे. दहाचा हा फरक लहान वाटतो. परंतु डेसिबलच्या मोजणीत दहाची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होणे. ‘माझ्या घरात मी काहीही वाजवीन’ या युक्तिवादाला सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात उत्तर दिले आहे. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक असता कामा नये. ज्या प्रकरणात हा निकाल झाला, त्याची याचिका करण्यास एक भीषण घटना कारणीभूत झाली होती. अत्याचाराला बळी पडलेल्या तेरा वर्षांच्या मुलीचा आक्रोश शेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या कल्लोळात कोणालाही ऐकू गेला नव्हता. शांतता ही केवळ सुखवस्तू माणसाची चैन आहे, असे मानणाऱ्यांनी ही घटना विसरू नये.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. पूर्वी मुंजी, लग्ने वाड्याच्या चौकातच होत नव्हती का? सनई-चौघडा वाजत नव्हता का? मग आजच हा सोवळेपणा कशासाठी? वाड्यात मांडव पडत असे हे खरे. परंतु तो त्या घरच्या कार्याचा असे आणि वर्षादोनवर्षांतून एखाद्या वेळी पडे. त्यात शेजारी पंगतीत वाढायला उभा असे, शेजारीण आदल्या दिवसापासून फराळाचे करायला बसलेली असे, पाहुण्यांची अंथरुणे चार बिऱ्हाडांत विभागली जात. गैरसोय होती, पण ती नात्याच्या पोटी होती. भाड्याच्या समारंभात मांडव दर आठवड्याला पडतो, यजमान अनोळखी असतो आणि शेजाऱ्याच्या वाट्याला केवळ गैरसोय उरते. परंपरेचा दाखला द्यायचा तर तो संपूर्ण दिला पाहिजे.

तसेच हा नियम सर्वांना सारखा लागू झाला पाहिजे. शेजारच्या बंगल्यातील हळदीचे गाणे दहा वाजता बंद करायला सांगणाऱ्याने आपल्या मंडळाचा, आपल्या उत्सवाचा ध्वनिक्षेपकही नियमात ठेवला पाहिजे. सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्य शासनाला आहे. ती सवलत म्हणून वापरावी, हक्क म्हणून ताणू नये. स्वतः पाळलेल्या नियमाचाच आग्रह समाज मान्य करतो.

सुरक्षिततेचा विषयही गंभीर आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल परिसरात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला. तेथे वाढदिवस साजरा करण्यासाठी मंडळी जमली होती. तो परिसर व्यापारी होता. चार माणसांच्या वावरासाठी बांधलेल्या घराच्या एकाच अरुंद जिन्यावरून ऐंशी माणसे गच्चीवर नेताना आणि तेथे कापडी मांडवाखाली शेगड्या पेटविताना काय घडू शकते, याचा विचार करावा. गल्लीत दोन्ही बाजूंना वाहने उभी असतील, तर अग्निशमनाचा बंब आणि रुग्णवाहिका येणार तरी कोठून?

मग निर्णय कसे व्हावेत? आजची रीत अशी की प्रथम उद्योग सुरू होतो, मग त्यात भांडवल गुंतते, मग तक्रार होते आणि अखेरीस नोटीस येते. मधल्या काळात मालमत्ता कर किंवा वीजबिल व्यापारी दराने आकारले गेले, की त्या पावतीलाच मालक परवानगी समजतो. कर भरणे आणि वापराची परवानगी असणे यांचा असा संबंध नाही, हे त्याला तेव्हा कोणी सांगत नाही. यात शेजारी पिचतो आणि कर्ज काढून बसलेली गृहिणीही पिचते. म्हणून निर्णय आधी व्हावा, वस्तीला विचारून व्हावा आणि लेखी व्हावा. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद आहे. समारंभगृहांना कोणत्या रस्त्यालगत, किती रुंदीच्या मार्गावर, किती वाहनतळासह परवानगी असावी, ही चर्चा तेथे झाली पाहिजे. त्याचबरोबर महापालिकेची सभागृहे, सुटीत रिकाम्या राहणाऱ्या शाळा आणि देवस्थानांची सभागृहे माफक भाड्याने उपलब्ध झाली, तर सामान्य कुटुंबाचे कार्य अडणार नाही आणि घरून आखणी करणाऱ्या भगिनीला समारंभासाठी योग्य जागाही मिळेल.

कार्यकर्त्यांचे काम येथेच आहे. वस्तीतील असा एखादा उद्योग त्रासदायक ठरत असेल, तर पहिली पायरी पोलीस चौकीची नसावी. चार जाणत्या मंडळींनी त्या घरी जावे, व्याख्येतील अटी समजावून सांगाव्यात, कोणते काम घरी चालू ठेवता येईल ते दाखवावे आणि समारंभासाठी पर्यायी जागा मिळवून देण्यास साहाय्य करावे. एवढे करूनही ऐकले गेले नाही, तर अर्ज अवश्य द्यावा आणि निर्णय होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा. मात्र ज्या भगिनीचा व्यवसाय थांबवायचा, तिचा संसार चालू राहील याची काळजीही त्याच वस्तीने वाहिली पाहिजे. शेजारधर्माचा हा दुसरा अर्धा भाग पार पडला, तरच पहिल्या अर्ध्या भागाचा आग्रह धरण्याचा अधिकार प्राप्त होतो.