तीन वॅटचा प्रवास

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सरोजिनी नगर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मी बोलावे असा निरोप कार्यवाहांनी पाठविला, तेव्हा मला वाटले की 'वेतन आयोग आणि आपण' असा काही विषय असेल. केंद्र सरकारच्या सेवेत केस पिकलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा ती काय करावयाची? परंतु त्यांना हवे होते ते माझ्या गच्चीवरील तारेविषयी. ही तार कसली, तिच्यामुळे दूरदर्शन संचावर मुंग्या येतात काय, आणि एक बी.ए. झालेला गृहस्थ रात्री कानाला यंत्र लावून 'डा-डि-डा' असे काय पुटपुटतो, याविषयी वसाहतीत कुतूहल आहे असे ते म्हणाले. त्या कुतूहलाचे समाधान करावे, एवढाच या भाषणाचा मर्यादित हेतू आहे.

हौशी रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन, स्वतःच्या प्रेषकावरून, जगातील दुसऱ्या परवानाधारकाशी साधलेला बिनतारी संवाद. त्यात व्यापार नाही, राजकारण नाही आणि एरवी तिऱ्हाइताचे निरोप पोहोचविण्याचीही मुभा नाही. आपल्या देशात सर्वसाधारण परवानाधारकाला चारशे वॅटपर्यंत शक्ती वापरता येते. परंतु या छंदात एक असा पंथ आहे की जो हाती असलेली शक्ती जाणूनबुजून कमी करतो. मोर्सच्या संदेशासाठी पाच वॅट आणि बोलण्यासाठी दहा वॅट, ही त्याने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा. बिनतारी सांकेतिक भाषेत 'शक्ती कमी करा' या अर्थी 'क्यूआरपी' ही तीन अक्षरे पूर्वापार वापरली जातात. तेच या पंथाचे नाव झाले.

पाच वॅट म्हणजे किती? आपल्या देवघरात पूर्वी जो लाल 'झिरोचा' दिवा जळत असे, तो नावाने झिरो असला तरी दहा-पंधरा वॅट खात असे. त्याच्याही निम्म्याहून कमी. आपल्या गणेशोत्सवातील कर्ण्याला जेवढी शक्ती लागते तिच्या एका कोपऱ्यात हा सारा पंथ मावेल. आणि तो कर्णा तर मार्केटच्या पलीकडेही धड ऐकू जात नाही! मग पाच वॅटचा आवाज समुद्र ओलांडून जातो कसा?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे आणि आकाशातही आहे. प्रथम इतिहास पाहू. १२ डिसेंबर १९०१ रोजी अटलांटिक महासागरापलीकडे संकेत पोहोचल्याचे मार्कोनीने जाहीर केले, ते प्रचंड यंत्रसामग्री आणि दीर्घ तरंगलांबी यांच्या बळावर. दूर जावयाचे तर लहरी लांब हव्यात आणि शक्ती अफाट हवी, असा त्या काळी तज्ज्ञांचा समज होता. दोनशे मीटरहून आखूड लहरी निरुपयोगी. म्हणून त्या हौशी मंडळींना देऊन टाकण्यात आल्या. जणू गावाबाहेरची पडीक जमीन. पण १९२३ च्या नोव्हेंबरात याच पडीक जमिनीतून, सुमारे ११० मीटरच्या लहरींवर, फ्रान्स आणि अमेरिका येथील हौशी लोकांनी अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरून एकमेकांशी संवाद साधला. तज्ज्ञांनी टाकून दिलेल्या लहरींतच खरे धन होते. पुढे जगातील अनेक नभोवाणी केंद्रांनी तीच वाट धरली.

आपल्या देशातही ही परंपरा जुनी आहे. १९२१ मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना कलकत्त्यात पहिला हौशी परवाना मिळाला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, ते दीड किलोवॅट शक्तीचे होते. आणि मध्यम लहरींवर त्याचा आवाज सुमारे तीस मैलांच्या परिसरातच खात्रीने ऐकू येत असे. दीड हजार वॅटला तीस मैल! हा आकडा कृपया लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि हौशी परवाने रद्द झाले. त्यानंतरचे प्रकरण आपल्या मुंबईचे आहे आणि ते आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांचा आवाज बंद झाला, तेव्हा उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर या तरुणांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. ४२.३४ मीटरवर त्याचे प्रक्षेपण होई. पोलिसांनी माग काढू नये म्हणून जागा वारंवार बदलावी लागे. या केंद्राचा प्रेषक उभारणारे नरिमन प्रिंटर हे मूळचे हौशी रेडिओवालेच. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी धाड पडली आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. सरकारजवळ शक्तीचा तोटा नव्हता. या मुलांजवळ एक प्रेषक आणि सांगण्यासारखे काहीतरी होते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये महू येथे हौशी रेडिओवाल्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. महू म्हणजे होळकरांच्या मुलखातील लष्करी छावणी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान. पुढे ही संघटना दिल्लीस आली. म्हणजे आपल्याप्रमाणे तिनेही बदलीचा हुकूम घेतला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आकाशाकडे वळू. पृथ्वीपासून काही शे किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांच्या माऱ्याने हवेतील कणांचे विद्युत्भारित आयन बनतात. त्या थरांना आयनांबर म्हणतात. आखूड लहरी तिथपर्यंत जातात आणि वळून पुन्हा भूमीवर येतात. एका उडीत तीन हजार किलोमीटरपर्यंत मजल सहज होते. भूमीवरून अथवा समुद्रावरून परावर्तन होऊन दुसरी उडी, मग तिसरी. कॅरमच्या सोंगटीने कडेवर आपटून कोपऱ्यातील भोक गाठावे, तसा हा प्रकार आहे. त्यात एक गंमत अशी की, लहर जवळच्या प्रदेशावरून उडून जाते. त्यामुळे १४ मेगाहर्ट्झवर आमच्या सरोजिनी नगरातून नागपूर पुष्कळदा मुके राहते आणि रोम बोलू लागते! नागपूर-पुण्याकडे जावयाचे तर दिवसा ७ मेगाहर्ट्झ अधिक सोयीचे.

सूर्यावरील डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र असते आणि डाग वाढले की आयनांबर अधिक सक्षम होते. २०२४ च्या सुमारास या चक्राने उच्चांक गाठला. सूर्योदयाच्या व सूर्यास्ताच्या संधिकालात काही लहरी विलक्षण दूर जातात. आपल्या पूर्वजांनी संध्येची वेळ ठरविली ती निराळ्या कारणाने; पण मी मात्र त्या वेळी हमखास यंत्रापाशी असतो, आणि घरातील मंडळी त्यालाच माझी संध्या म्हणतात.

आता थोडा हिशेब. ग्राहकयंत्रावर संकेताची तीव्रता दाखविणारे एक मापक असते. त्याच्या एका अंशाने घट होण्यासाठी शक्ती चौपटीने कमी व्हावी लागते. शंभर वॅटचे पंचवीस केले तर काटा एक अंश उतरतो. पंचविसाचे सव्वासहा केले तर आणखी एक अंश. म्हणजे शंभर वॅटवाल्याचा काटा सातवर गेला, तर पाच-सहा वॅटवाल्याचा पाचाच्या आसपास जाईल. काटा पाचवर असणारा संकेत स्वस्थपणे ऐकू येतो. शंभरातील पंचाण्णव वॅट सोडून दिले आणि हानी झाली ती दोन अंशांची! संसारातही खर्चाचा असाच ताळा मांडून पाहण्यासारखा आहे.

त्यातून मोर्सचे सामर्थ्य वेगळे. बोलण्याला सुमारे अडीच ते तीन हजार हर्ट्झ रुंदीची वाट लागते. मोर्सच्या एकाच सुराला शंभर-दोनशेची पाऊलवाट पुरते. सारी शक्ती तिथे एकवटते. आपल्या पिढीने तार कचेरीतील कट्ट-कडकट्ट ऐकली आहे. दारात तारवाला दिसला की घरात चूल थंड व्हायची. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मोर्सची लिपी मात्र हौशी लोकांनी जिवंत ठेवली आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टनचे जोसेफ टेलर यांना १९९३ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे स्वतः हौशी रेडिओवाले आहेत. त्यांनी सहकाऱ्यांसह संगणकाच्या साहाय्याने क्षीण संकेत वाचण्याच्या ज्या पद्धती रचल्या, त्यांत मनुष्याच्या कानाला अजिबात न जाणवणारा संकेतही उलगडतो. परंतु मी जुन्या वळणाचा. मला कानाने ऐकलेलेच बरे वाटते.

यंत्रसामग्री महाग असते असा समज आहे. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी २००३ मध्ये 'बिटएक्स' नावाचा एक संच रचला. परदेशी सुटे भाग येथे मिळत नाहीत ही अडचण ओळखून त्यांनी तारेची वेटोळी गुंडाळण्यासाठी चक्क नळाचे वॉशर वापरले. बाजारात मिळणाऱ्या साध्या भागांतून तयार होणारा हा संच पुढे जगभरच्या लोकांनी आपापल्या हातांनी बनविला. भारतीय काटकसरीचा एवढा सन्मान क्वचितच झाला असेल. संच, बारा व्होल्टची बॅटरी, मोर्सची कळ, आणि १४ मेगाहर्ट्झसाठी सुमारे दहा मीटर तांब्याची तार, मध्यावर दुभंगलेली. एवढ्यात संसार थाटतो.

खरी अडचण आहे ती जागेची. सरोजिनी नगरच्या जुन्या बैठ्या-दुमजली क्वार्टरांत गच्चीवरून कडुनिंबापर्यंत तार ताणता येई. आता पुनर्विकासात ती घरे जात आहेत. जानेवारी २०२५ मध्ये येथील अठ्ठावीस मनोऱ्यांतील अडीच हजारांहून अधिक नव्या सदनिकांचे उद्घाटन झाले. उंची वाढली ही रेडिओच्या दृष्टीने चांगली गोष्ट; परंतु गच्ची सामायिक झाली, आणि किल्लीसाठी अर्ज, अर्जावर शेरा, शेऱ्यावर स्मरणपत्र हे ओघाने आलेच. त्यात घरोघरच्या दिव्यांचे आणि चार्जरचे विद्युत्-कोलाहल वाढले आहेत. शहरात दुर्बळ संकेताचा शत्रू अंतर नसून शेजारचा गोंगाट आहे. शेजाऱ्यांना एवढेच आश्वासन देतो की माझ्या तीन वॅटने कोणाच्याही मालिकेतील सासूचा एक शब्दसुद्धा बुडत नाही.

होय, तीन वॅट. मागल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी 'सी क्यू' म्हणजे 'कोणी आहे का?' अशी हाक देत होतो. अर्धा तास उत्तर नव्हते. मग खोल विहिरीतून यावा तसा एक सूर आला. माझ्या नावाची निम्मी अक्षरे त्याने चुकीची घेतली होती. मी पुन्हा दिली. त्याने पुन्हा विचारले. सहा वेळा ही देवघेव झाली आणि अखेर दोन्हीकडची अक्षरे जुळली. तो रोमजवळचा एक निवृत्त शिक्षक होता. दिल्ली ते रोम हे अंतर सुमारे ५,९०० किलोमीटर. म्हणजे वॅटमागे जवळजवळ दोन हजार किलोमीटर. मुंबई केंद्राचे तीस मैल आठवावेत! पण माझ्या मनात राहिले ते निराळेच. त्याच्याजवळ शक्तिमान प्रेषक असता किंवा नसता, माझे काम झाले ते त्याने सहा वेळा ऐकून घेतले म्हणून. कमी शक्तीच्या संवादात बोलणाऱ्याचे कर्तृत्व थोडे आणि ऐकणाऱ्याचे अधिक असते.

हा केवळ वेळ घालविण्याचा उद्योग नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली, २६ जानेवारी २००१ रोजी भूज कोसळले. दोन्ही वेळी हौशी रेडिओवाले मदतीस धावले. २००४ च्या डिसेंबरात दिल्लीच्या भारती प्रसाद या गृहिणी सहकाऱ्यांसह अंदमानात हौशी रेडिओ चालविण्यासाठी गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले, आणि छंदासाठी नेलेले संच बेटांवरील लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवू लागले. अशा वेळी तिऱ्हाइताच्या निरोपाचे बंधन उरत नाही. वीज गेली, मनोरे पडले, की खिशातील भ्रमणध्वनी निव्वळ आरसा होतो. त्या दिवशी थोडक्या शक्तीवर चालणारी यंत्रेच बॅटरीवर दिवस काढू शकतात. आपल्या प्रत्येकाचे कोणी ना कोणी कोयनेच्या, कोकणच्या, मराठवाड्याच्या मुलखात आहे. आणि दिल्लीही भूकंपाच्या पट्ट्यातच वसली आहे. मग पाचशे घरांच्या वसाहतीत निदान दोघा-तिघांना हे काम येत असावे, ही अपेक्षा अवाजवी आहे काय?

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. रविवारी सकाळी दोन तास, मंडळाच्या खोलीत, मोर्सचा आणि परवाना परीक्षेच्या तयारीचा वर्ग मी विनामूल्य घेईन. बाराव्या वर्षापासून परीक्षेला बसता येते आणि अभियांत्रिकीची पदवी लागत नाही, याचा पुरावा आपल्यासमोर उभा आहे. बॅटरी, तार आणि एक संच मंडळाने संग्रही ठेवावा. तेवढा खर्च एका वर्षीच्या कर्ण्याच्या भाड्यातून निघेल.

जाता जाता एक गोष्ट. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ हे यान आज सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटर दूर आहे. त्याचा प्रेषक वीस-तेवीस वॅटचा. तरीही सत्तर मीटर व्यासाच्या तबकड्या लावून पृथ्वीवरील माणसे त्याची कुजबुज ऐकतात. त्या यानावर जी सोनेरी तबकडी आहे, तीत आपल्या गोव्याच्या, केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. घरापासून इतक्या दूर गेलेले दुसरे कोणी आपले माणूस मला ठाऊक नाही.

आपण सारे घरापासून दूर आलो आहोत. आपले मंडळही काही शक्तिमान नव्हे. वर्गणीदार मोजके, खोली लहान. तरीही ते पन्नास वर्षे चालले, कारण कोणीतरी हाक देत राहिले आणि कोणीतरी ती ऐकून घेतली. पुढच्या पिढीचे मराठी अडखळते, अक्षरे चुकतात. तिला सहा वेळा ऐकून घेण्याची तयारी आपण ठेवावी, एवढीच प्रार्थना.

आमच्या पंथात निरोप घेताना शुभेच्छांसाठी 'त्र्याहत्तर' हा आकडा पाठवितात. आपणा सर्वांस माझे त्र्याहत्तर!