वाळवंट हीच आमची चौपाटी

(अमळनेर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर एका निवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



२०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गावी भरले, त्या वेळची एक गोष्ट प्रथम सांगतो. मुंबईचे एक स्नेही माझ्याकडे उतरले होते. संमेलनाच्या मांडवातून सवड मिळेल तसे मी त्यांना गाव दाखविले. श्रीमंत प्रतापशेठजींच्या औदार्यातून १९१६ मध्ये उभे राहिलेले तत्त्वज्ञान मंदिर दाखविले. कोकणातल्या पालगडहून आलेले साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात ज्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवीत होते, ते दाखविले. दगडी दरवाजा दाखवून १८१८ मध्ये इंग्रज फौजेला येथल्या अरब शिबंदीशी कसे लढावे लागले, ते सांगितले. १९४५ मध्ये येथे वनस्पती तुपाचा जो कारखाना निघाला, त्यातूनच पुढे विप्रो ही जगभर पसरलेली कंपनी झाली, हे ऐकून तर ते थक्कच झाले. चोपडा रस्त्यावरील मंगळग्रह मंदिरही पाहून झाले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मला म्हणाले, "गुरुजी, पाहण्याचे पुष्कळ झाले. आता जरा बसायचे कोठे?"

या प्रश्नाला मजजवळ तयार उत्तर नव्हते. मी त्यांना बोरी नदीवर नेले. बसण्याजोगी जागा शोधण्यातच आमचा बराच वेळ गेला. कोठे कचरा होता, कोठे खड्ड्यात साचलेले पाणी होते. अखेरीस एका ठिकाणी थोडी स्वच्छ वाळू सापडली. तेथे दहा मिनिटे बसलो आणि डासांमुळे उठलो.

तेव्हापासून मी या विषयाचा विचार करीत आहे. प्रेक्षणीय स्थळ आणि करमणुकीचे स्थळ या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिल्याला माणूस एकदा येतो. दुसऱ्याला तो दररोज येतो आणि पाहुण्यालाही बरोबर आणतो. आपल्या तालुक्यात पहिल्या प्रकाराची वाण नाही. तापी-पांझरेच्या संगमावरचे कपिलेश्वर आहे, शेजारी पारोळ्याचा भुईकोट किल्ला आहे. त्यांविषयी आपण सारे जाणताच, म्हणून तेथे थांबत नाही.

समुद्रकाठची गावे या बाबतीत भाग्यवान, असे आपण समजतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हंटिंग्टन बीच नावाचे शहर आहे. ते स्वतःला 'सर्फ सिटी', म्हणजे लाटांवर स्वार होणाऱ्यांचे शहर, असे म्हणवून घेते. लांबट फळीवर पालथे पडून, हातांनी पाणी मारीत समुद्रात जायचे, मागून येणारी लाट नेमकी हेरायची आणि ती उचलू लागताच फळीवर उभे राहून तिच्या उतारावरून किनाऱ्याकडे घसरत यायचे, असा हा खेळ. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली तो प्रथमच खेळला गेला. आपल्या देशात चेन्नईजवळील कोवळम गावी कोळ्यांच्या मुलांनी हा खेळ आत्मसात केला असून त्यानिमित्त तेथे बाहेरची माणसे येऊ लागली आहेत.

अमळनेरला लाट नाही, मग या शहराची कथा आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. तिच्यातले मर्म लाटेत नसून वाळूत आहे. खोल समुद्रातून येणारी लाट किनाऱ्याजवळ उंचावते आणि फुटते ती तळाशी असलेल्या वाळूच्या उंचवट्यांमुळे. वाळू हलली की लाटेचे रूप बदलते. आणि ही वाळू येते कोठून? बव्हंशी नद्यांतून. हंटिंग्टन बीचच्या कडेला सांता आना नावाची नदी समुद्रास मिळते. तिच्यावर १९४१ मध्ये प्राडो धरण पुरे झाले. किनाऱ्यावर बंदराचे बांधही घातले गेले. वाळूची आवक तुटली, किनारा खचू लागला, आणि आता या शहरालगतच्या किनाऱ्यावर समुद्राच्या तळातून उपसलेली वाळू सरकारी खर्चाने पुनःपुन्हा आणून टाकावी लागते. नदी जे फुकट देत होती, ते पैसे मोजून घ्यावे लागते!

आता आपल्या बोरीकडे या. तिच्या वरच्या अंगाला, पारोळे तालुक्यात, तामसवाडीचे धरण आहे. ते शेतीला हवेच होते. त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु धरणाच्या खाली पूर्वीइतकी वाळू वाहून येणार नाही, हे उघड आहे. म्हणजे जी वाळू आज पात्रात आहे ती बरीचशी आपल्या पूर्वजांची ठेव आहे. तिचे व्याज कमी झाले असता आपण मुद्दलच ट्रॅक्टरमध्ये भरून नेत आहोत.

या वाळूवर अमळनेरने काय उभारले आहे, ते इतरांना सांगावे लागेल, आपल्याला नव्हे. तरी सांगतो, कारण सवयीने आपल्याला ते दिसेनासे झाले आहे. संत सखाराम महाराजांची समाधी बोरीच्या पात्रातच आहे, आणि त्यामुळेच या गावाला प्रतिपंढरपूर म्हणतात. आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. त्या परत सासरी जाण्यापूर्वीच यात्रेची चाहूल लागते. वैशाख शुद्ध एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी निघते आणि वाळवंट माणसांनी भरून जाते. भजन, कीर्तन, पाळणे, खेळणी, भांड्यांची दुकाने, मांड्यांचा वास, सारे त्या वाळूवर. तिकीट नाही, दार नाही. शेतमजूर आणि व्यापारी एकाच वाळूवर बसतात. सरकारने पैसे खर्चून असे एखादे स्थळ बांधावयाचे ठरविले तरी ते साधणार नाही.

यात्रा संपल्यावरही वाळू कामाची असे. आम्ही लहानपणी शाळा सुटली की नदीत जात असू. हातभर वाळू उकरली की झिऱ्याला पाणी लागे. ते आधी गढूळ, मग निवळशंख. मुली वाळूची घरे करीत, आम्ही कबड्डी खेळत असू. पडले तरी लागत नसे. असे क्रीडांगण कोणत्या शाळेला आहे? उन्हाळ्यात पात्रात टरबुजांचे मळे असत. राखणदाराचा डोळा चुकवून एखादे टरबूज फोडले नाही असा माझ्या वर्गात कोणी नव्हता. (मुख्याध्यापक आज सभेत आहेत, त्यांनीही मान हलविलेली मला दिसली.)

काही वर्षांपूर्वी एका नदीकाठच्या शाळेत मी गेलो होतो. गावाचे नाव घेत नाही. मी शिक्षकांना विचारले, मुलांना नदीवर नेता की नाही? ते म्हणाले, "साहेब, पालक नाही म्हणतात. उपशाचे खड्डे पाण्याने भरले की वरून समजत नाहीत." ज्या नदीत त्या गावच्या चार पिढ्या पोहायला शिकल्या, ती आता मुलांना भीती घालण्याची जागा झाली आहे. हे नुकसान कोणत्याही महसुलाच्या रकान्यात मांडले जात नाही.

वाळू काढूच नये, असे म्हणणारा मी नव्हे. माझे घरही वाळूनेच बांधलेले आहे, आणि घरकुलाच्या लाभार्थ्याला वाळू मिळालीच पाहिजे. परंतु नदीपात्र हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये शासनाच्या मालकीचे, म्हणजे आपणां सर्वांचे आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातील उत्खननालाही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरविली. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार उत्खनन तीन मीटरपेक्षा, किंवा पाण्याची पातळी त्याहून वर असल्यास तिच्यापेक्षा, खोल जाता कामा नये, आणि त्याआधी जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल तयार असला पाहिजे. त्या अहवालात आपल्या गावचा कोणता पट्टा दाखविला आहे, हे येथे बसलेल्या किती सदस्यांनी पाहिले आहे? हात वर करू नका. घरी जाऊन अहवाल मागवा. यात्रेचा पट्टा, घाटासमोरचा पट्टा, मुले जेथे खेळतात तो पट्टा त्यातून वगळावा, असा ठराव ग्रामसभेत करून तहसीलदारांकडे पाठवा. बांधकामाला खडीच्या खाणीतील कृत्रिम वाळू वापरता येते. यात्रेला येत नाही.

पाहुण्यांचे म्हणाल तर त्यांना फार काही लागत नाही. मंगळवारी मंगळग्रह मंदिरात दूरदूरचे लोक येतात. तो परिसरही एके काळी उपेक्षित होता. लोकांनी मनावर घेतले तेव्हा तेथे बाग फुलली, हे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने ते उतरतात, दर्शन घेतात आणि गाडीची वेळ होईपर्यंत फलाटावर बसून राहतात. त्यांच्या या रिकाम्या वेळात त्यांना नदीवर नेता आले पाहिजे. त्यासाठी सावलीची चार झाडे, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छ शौचकूप आणि सांडपाण्याची गटारे पात्रात सोडण्याचे थांबविणे, एवढे पुरे आहे. सिमेंटचे कारंजे व रंगीत दिवे यांचा मोह कृपया आवरा. वाळवंटात फरशी बसविण्याच्या सूचना मी ऐकल्या आहेत. फरशी बसविली की ते वाळवंट राहत नाही, हे सुचविणाऱ्याच्या लक्षात आले नसावे.

शिक्षक मित्रांना एक छोटे काम सांगून थांबतो. नदीकाठच्या प्रत्येक शाळेने घाटाची एक पायरी किंवा पुलाचा एक खांब निवडावा आणि त्यावर रंगाने खूण करावी. पावसाळ्यापूर्वी एकदा व दिवाळीनंतर एकदा, पात्र कोरडे आहे व पाणी नाही असे पाहून, सातवीच्या मुलांनी त्या खुणेपासून वाळूपर्यंतचे अंतर फूटपट्टीने मोजावे. आकडा, तारीख आणि मोजणाऱ्या मुलांच्या सह्या शाळेच्या वहीत घालाव्यात, व तिची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी. वही चाळीस पानी घेतली तरी चालेल. आखाजीपूर्वी पहिली मोजणी झाली तर यात्रेत ती सगळ्यांना दाखविता येईल. वह्या मांडण्यासाठी एक टेबल मी माझ्या घरून आणीन.