भेग शेतातली, भेग कातळातली
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणावरून)



ज्वारीला शेवटची कोळपणी आपण कशासाठी देतो? तणासाठी कमी, भेगा बुजवण्यासाठी जास्त. काळी जमीन वाळली की आकसते, आकसली की फाटते. मोठी भेग हात जाईल एवढी, तिला फुटलेली बोटभर आणि त्या बोटभर भेगेला फुटलेल्या केसाएवढ्या शंभर. या भेगांचा फोटो काढताना शेजारी विळा ठेवला नाही, तर भेग वीतभर आहे की पुरुषभर हे फोटो बघणाऱ्याला सांगता येत नाही. खडकाचा अभ्यास करणारे फोटोत हातोडा किंवा नाणं ठेवतात ते याचसाठी. हातातल्या दगडाची चीर, विहिरीच्या भिंतीची चीर, नाल्याच्या काठची चीर आणि उपग्रहाच्या चित्रातली कोसभर लांबीची रेघ, नक्षी एकसारखीच दिसते. बारीक चिरा अगणित, लांब चिरा मोजक्या. लांबी वाढत गेली की संख्या ठरावीक प्रमाणात घटते. हे प्रमाण मात्र खडकागणिक बदलतं.

इथंच आपली फसगत होते. नक्षी सारखी दिसते म्हणून चीरही एकाच जातीची, असं आपण धरून चालतो.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. महाराष्ट्राची पाचातली चार हिस्से जमीन त्याच्यावर आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. प्रत्येक थर थंड होताना आकसला आणि आपल्या काळ्या रानासारखाच फाटला. यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पार्डीला २०२२ साली रस्ता खोदताना उभे कोनेदार खांब निघाले, ते असेच. पण थंड होताना पडलेली चीर त्या थरापुरतीच. थर संपला, चीर संपली. मधे लाल मातकट पट्टा लागतो, तो ओलांडून ती सहसा खाली जात नाही. म्हणजे विहिरीत तीस फुटांवर चिरा चांगल्या दिसल्या म्हणून तीनशे फुटांवर पाणी असेलच, हा हिशेब चुकीचा आहे.

दुसरी जात जमिनीच्या पोटातल्या ताणानं पडलेल्या फाटीची. ती थर मोजत बसत नाही, आरपार जाते. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपण विसरलेलो नाही. तिथं काळा पाषाण सुमारे ३४० मीटर जाड, तुटलं ते त्याच्याही खाली. वर रानात दिसलं ते काय? जेमतेम किलोमीटरभराच्या पट्ट्यातली तुटक फाट. आतली त्याहून कितीतरी मोठी. वरून बघून खालचं माप कळत नाही ते असं.

धुळे-नंदुरबारकडच्या भावांकडे आणखी एक प्रकार आहे. जुन्या फाटींत लाव्हा घुसून घट्ट झाला आणि मैलोन्‌मैल उभ्या भिंती तयार झाल्या. अशी भिंत पाणी अडवते. एका अंगाच्या विहिरीला पाणी, दुसऱ्या अंगाची कोरडी. दोष पानाड्याला देतात. (पानाड्याची बाजू घ्यायला आम्ही उभे नाही.)

आता नकाशाचं. साहेब नकाशावर रेघ दाखवतो आणि म्हणतो, इथं भेग आहे, बोअर घ्या. नकाशा अडीच लाखास एक या मापाचा असेल तर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अडीचशे मीटर. चार एकरांचं चौरस रान एका बाजूनं भरतं सव्वाशे मीटर. म्हणजे पेन्सिलीच्या जाड रेघेखाली तुमचं सगळं रान आणि शेजाऱ्याचंही झाकलं जातं. नकाशा खोटा नाही. तो तालुक्याला दिशा दाखवतो. बोअरचा खुंटा कुठं ठोकायचा हे त्यातून निघत नाही. शिवाय भेग असली तरी चिकणमातीनं बुजलेली असू शकते.

आमच्या गावात एकाच बांधाला चाळीस पावलांवर दोन बोअर झाले. पहिला लागला. दुसरा कोरडा गेला, आणि ते कर्ज अजून फिटतंय. खोदणाऱ्या गाडीवाल्याचे पैसे फुटावर असतात, पाण्यावर नसतात. दोन्ही लागले असते तरी सुख नव्हतं, कारण मुरूम आणि फुटलेल्या खडकाच्या शंभर भागांत पाण्याला जागा दोन-तीनच भाग. एकाच चिरेवर दोघे बसले की दोघांचीही मार्चमध्ये बोंब.

मग करायचं काय? मधलं माप आपल्याच हातात आहे. दगड फार लहान, उपग्रह फार लांब, पण गावच्या पन्नास-साठ विहिरी बरोबर मधे बसतात. प्रत्येकीची नोंद घ्या. मुरूम किती फूट, मांजऱ्या किती, काळा पाषाण किती, लाल पट्टा कुठं लागला, झरा कोणत्या अंगानं फुटला, कोणत्या महिन्यात आटला. ते सगळं गावनकाशावर मांडा. तीन-चार झरे एका रेघेत आले तर ती रेघ खरी असण्याचा संभव आहे. मग भूजल सर्वेक्षणवाल्यांना त्याच रेघेवर उभं करून विचारा.

यात अडचण एकच आहे. लागलेली विहीर माणूस गावभर सांगतो, कोरडी गेलेली सांगत नाही. लाज वाटते. पण नकाशाला कोरडीच जास्त उपयोगी, रेघ कुठं संपते ते तीच सांगते. तेव्हा पुढच्या बैठकीला येताना वहीत आधी कोरड्या विहिरी लिहून आणा, लागलेल्या नंतर.