पासचा तिसरा सेट

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात दुसऱ्या दिवशी सायंकाळी मंडपात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



सचिवांनी मला विषय दिला 'प्रवासातील अनुभव'. म्हणाले, "तुम्ही रेल्वेचे, तुम्हाला काय, फुकट हिंडता." हे वाक्य मी वीस वर्षे ऐकत आहे. लग्नात ऐकतो, बारशात ऐकतो, एकदा तर तेराव्यालाही ऐकले. म्हणून सुरुवातीलाच खुलासा करतो. मी डिप्लोमावाला इंजिनियर. अमरावतीच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून निघालो आणि २००४ साली या झोनमध्ये लागलो, तेव्हा झोनच एक वर्षाचा होता. माझे काम डब्यांच्या देखभालीचे. लोक डब्यात बसून जग पाहतात, आम्ही डब्याखाली वाकून ब्रेक ब्लॉक पाहतो. पाच वर्षे नोकरी झाली की वर्षाला तीन सेट पास मिळतात हे खरे, पण पासाबरोबर रजा मिळत नाही. पास कपाटात राहतो आणि वर्ष संपते.

आमच्या घरी त्या तीन सेटचा हिशोब वर्षानुवर्षे ठरलेला होता. पहिला सेट गावी जायला, म्हणजे महालक्ष्म्यांना. दुसरा हिच्या माहेरी. तिसरा राखून ठेवायचा, कारण गावाकडून कधी फोन येईल सांगता येत नाही. इथे बसलेल्या बहुतेकांचे असेच असेल. आपण परमुलखात घर बांधले, पण एक बॅग मनात भरलेलीच असते.

गावी जाण्याचा रस्ता तुम्हाला माहीत आहेच. दुर्ग ते नागपूर २६५ किलोमीटर. राजनांदगाव गेले, डोंगरगडला बमलेश्वरीला डब्यातूनच हात जोडले, की जंगल लागते. बोरतलाव मागे पडते आणि दरेकसा येते. तिथून महाराष्ट्र. मुले लहान होती तेव्हा मी त्यांना दरेकसाला झोपेतून उठवीत असे. "बघा, आपले राज्य आले." बाहेर अंधार आणि तेच सागाचे जंगल. मुलगी एकदा डोळे चोळत म्हणाली, "बाबा, झाडं तर हिंदीच वाटतात." तेव्हापासून उठवायचे बंद केले.

तीच मुलगी आता कॉलेजात आहे. दोन वर्षांपूर्वी तिने जाहीर केले की या वेळी तिसऱ्या पासावर 'सिटी ब्रेक' घ्यायचा. मी आयुष्यभर ब्रेक म्हटला की एकच ब्रेक समजत आलो. तिने समजावून सांगितले की एका शहरात दोनच दिवस जायचे, देवळे आणि नातेवाईक टाळायचे, आणि वेगळ्या प्रकारच्या कॅफेंमध्ये जाऊन बसायचे. मी विचारले, बसून काय करायचे? ती म्हणाली, "काही नाही. तेच तर करायचं." मला हे फार अवघड वाटले. तरी गेलो.

मुंबई म्हणजे इथून अकराशे किलोमीटर. त्यातील पहिला कॅफे धोबी तलावला, मेट्रो सिनेमासमोर कयानी. १९०४ सालचे दुकान, म्हणजे भिलाईच्या पहिल्या धमनभट्टीपेक्षा पंचावन्न वर्षांनी मोठे. इराणहून आलेल्या झरतुष्ट्री मंडळींनी ही हॉटेले काढली. कोपऱ्यावरची जागा इतर दुकानदार अशुभ म्हणून घेत नसत, ती यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. संगमरवरी पाट्याची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बरण्यांत बिस्किटे. बनमस्का आणि चहा मागवला. आमच्या हिने पाव चहात बुडवला आणि म्हणाली, "अकराशे किलोमीटर येऊन पाव बुडवायचा होता तर सुपेल्याच्या बाजारात काय कमी होतं?" मुलीने कपाळावर हात मारला.

मला मात्र तिथे बरे वाटले, ते का, हे नंतर कळले. मुंबईत नोकरीला आलेला, खोलीत सहा जणांत राहणारा माणूस एका चहावर अशा ठिकाणी तासभर बसू शकत होता. मालकही परदेशातून आलेला, गिऱ्हाईकही गाव सोडून आलेले. तू कोणाचा, कुठला, कशाला आलास, हे विचारणारे कोणी नाही. या हॉटेलांत भिंतीवर सूचनांच्या पाट्या असत, हे करू नका, ते करू नका. त्या पाट्यांवरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविताच केली आहे. पण त्या सूचनांमध्ये परके असू नका, अशी सूचना नव्हती.

तिथून काळा घोडा. अरुण कोलटकर तिथल्या वेसाइड इन नावाच्या हॉटेलात खिडकीशी बसत आणि रस्ता पाहत. त्यातून त्यांचे 'काळा घोडा पोएम्स' हे इंग्रजी पुस्तक झाले, २००४ साली आले, आणि त्याच वर्षी ते गेले. मुलीला ते टेबल पाहायचे होते. वेसाइड इन बंद होऊन पुष्कळ वर्षे झाली आहेत. घोड्याचीही तीच गत. सातव्या एडवर्डचा मूळ पुतळा १९६५ मध्ये हलवला, तो राणीच्या बागेत गेला. आता आहे तो २०१७ मध्ये बसवलेला, त्यावर स्वार नाही. म्हणजे बावन्न वर्षे घोडा नसलेल्या जागेला लोक काळा घोडाच म्हणत राहिले. माणूस नावाला किती धरून असतो. आम्ही नाही का, विकलेल्या शेताला अजून 'आपलं वावर' म्हणतो.

सीएसएमटीला जुन्या डब्यात केलेले रेस्टॉरंट आहे, २०२१ साली सुरू झाले. आता नागपूर स्टेशनवरही तसे झाले आहे. आत थंडगार एसी, टेबले, मंद दिवे. सगळे आत गेले, मी बाहेर राहिलो आणि खाली वाकून पाहू लागलो. तो आयसीएफ बनावटीचा डबा. पेरांबूरच्या कारखान्याने असे डबे बनवणे २०१८ मध्ये थांबवले. पंचवीस वर्षे हे त्याचे ठरलेले आयुष्य. डब्याच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे बांधणीचे साल, ही आमची जन्मपत्रिका. अशा किती डब्यांच्या स्प्रिंगा आम्ही बदलल्या, किती रात्री टॉर्च घेऊन त्यांच्याखाली काढल्या. पहारेकऱ्याने विचारले, "काही पडलं का साहेब?" मुलगा आतून काचेवर टकटक करून बोलावत होता, त्याला लाज वाटत होती. भंगारात न जाता बिचाऱ्याला बसून खायला मिळाले, याचा मला आनंद झाला. पिझ्झा मात्र महाग होता.

आणि दूर कशाला जायचे? रायपूरला 'नुक्कड' नावाचा चहाचा कॅफे २०१३ पासून आहे. तिथे वाढणारी मुले ऐकू-बोलू न शकणारी आहेत. ऑर्डर खुणांनी किंवा कागदावर लिहून द्यायची. आम्ही चौघे गेलो आणि पहिल्या दहा मिनिटांत आम्हीही आपसात हळू बोलू लागलो. माझ्या आयुष्यात आमचे घर इतके शांत मी पाहिले नव्हते. त्याच शहरात संग्रहालयाच्या आवारात 'गढकलेवा' आहे, २०१६ चे. बचत गटाच्या बायका फरा, चीला, ठेठरी, खुरमी करतात. वीस वर्षे या मातीत राहून ठेठरी मी तिथे पहिल्यांदा मागून खाल्ली. शेजारणीने दिवाळीला पाठवलेली आपण आपल्या शंकरपाळ्यांच्या डब्यात टाकतो आणि विसरतो. हे माझ्यापुरते बोलतो.

आता ज्या कॅफेबद्दल मला खरे बोलायचे आहे त्याकडे येतो. त्यात नवलाचे काही नाही. कॉफी हाऊस, पांढरे कपडे, पंख्यासारखा तुरा असलेला फेटा, सांबारवडा. तुम्ही सगळे गेलेले आहात. पूर्वी ही कॉफी हाऊसे सरकारच्या कॉफी बोर्डाची होती. बोर्डाने ती बंद करायला घेतली, नोकऱ्या जाऊ लागल्या, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या मदतीने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. १९५७ च्या ऑगस्टमध्ये बंगलोरची संस्था झाली, ऑक्टोबरमध्ये दिल्लीचे कॉफी हाऊस उघडले. आपल्याकडची जबलपूरच्या संस्थेची. ज्यांना काढून टाकायचे होते तेच मालक झाले. म्हणून असेल, तिथला वेटर बिल आणून तुम्हाला उठवत नाही.

आमचे गाव पुलगावहून आर्वीच्या वाटेवर. २०१६ मध्ये आई गेली आणि घराचा प्रश्न निघाला. मोठा भाऊ तिथेच, शेती त्याने सांभाळली, आईचे दुखणे त्याने आणि वहिनीने काढले. मी वर्षातून एकदा पासावर जाऊन चार दिवस राहणारा. तेराव्याला मी एक वाक्य बोललो, "अर्धं घर माझंही आहे." कायद्याने ते बरोबर होते. पण त्या दिवशी, त्या ओसरीवर ते बोलायला नको होते. दादा उठून गेला. पुढची सहा वर्षे आमचे बोलणे नाही. या सहा वर्षांत पहिला पास वाया जाऊ नये म्हणून आम्ही पुलगावला लॉजवर उतरायचो, सकाळी गावात जाऊन देवाला नारळ फोडायचो आणि परत यायचो. मुलांना सांगितले होते की घराचे काम चालू आहे. सिटी ब्रेक काही मुलीने आणला नाही, सहा वर्षे मी माझ्याच गावी तोच घेत होतो.

२०२२ च्या मार्चमध्ये दादाचा फोन आला. कागदांवर सही हवी होती. मी म्हणालो, गावी येतो. तो म्हणाला, नको. तू ये म्हणालास तर मी तिकडे येतो, असेही तो म्हणाला नाही. शेवटी नागपूर ठरले, ना त्याचे ना माझे. सदर भागातले एक कॉफी हाऊस. मी दोन तास आधी पोहोचलो. तो आला तेव्हा मी ओळखला नाही, केस सगळे पांढरे. कोर्टात बसल्यासारखे समोरासमोर बसलो. दोन कॉफी मागवल्या. त्याने पिशवीतून फाइल काढली, मी नकाशा उलटा धरून वाचू लागलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, "कॉफी पी नं बापू, थंडी होऊन राहिली."

बापू मला फक्त घरात म्हणतात.

आम्ही तिथे साडेतीन तास बसलो. वेटर चार वेळा आला, पाणी भरून गेला, काही विचारले नाही. घरी ओसरीवर असतो तर वहिनी, शेजारचे काका, पोरे, कोणीतरी मध्ये बोलले असते आणि पुन्हा बिनसले असते. लॉजवर तर दोघांनाही लाज वाटली असती. तिथे कोणी आम्हाला ओळखत नव्हते, म्हणून दादा रडू शकला. मीही. मी माझा अर्धा हिस्सा त्याच्या नावे केला, किंमत ठरली, हप्त्याने द्यायची. अट एकच घातली की महालक्ष्म्यांना आमचे पान तिथे मांडायचे. तो म्हणाला, "अट कायले घालतं? लिहून घेऊ काय?" बिल त्याने दिले. मी पैसे काढले तर हात धरला.

तेव्हापासून आम्ही घरी उतरतो. सगळे पूर्वीसारखे झाले असे सांगितले तर खोटे होईल. वहिनी आता नवा टॉवेल काढून ठेवतात, पाण्याला पाहुण्यांचे पेले. मी म्हणतो, "वहिनी, तो जुना तांब्या द्या." त्या हसतात आणि पेलाच देतात. लॉजवर मला जे बोचले नाही ते त्या पेल्याने बोचते. पण सोळा भाज्या, आंबील आणि पुरणपोळीच्या पानावर बसलो की माझी जागा अजून तीच आहे, खांबाजवळची. गेल्या वर्षी पुतण्या म्हणाला, पुलगावच्या रस्त्यावर नवा कॅफे निघाला आहे, तिथे बाइकचे सांगाडे कापून खुर्च्या केल्या आहेत. सगळे गेलो, दादासुद्धा, धोतरावर. मोटारसायकलच्या सीटवर बसून त्याने कोल्ड कॉफी प्यायली आणि वेटरला विचारले, "हे गरम नाही काय?" माझ्या मुलीने त्याचा फोटो काढला. तो आता त्यांच्या देवघराशेजारी लावला आहे.

मंडळाने माझे भाषण आठव्या दिवशी ठेवले होते, माझ्या विनंतीवरून ते आज दुसऱ्या दिवशी घेतले, त्याबद्दल पदाधिकाऱ्यांचा आभारी आहे. उद्या रात्रीची गाडी आहे, महालक्ष्म्यांना पोहोचायचे आहे. या वर्षीचा तिसरा सेट अजून शिल्लक आहे. मुलगी गोवा म्हणते, आणि दादाने अजून दुर्ग पाहिलेले नाही. त्याला पास चालत नाही, म्हणून तिकीट काढून ठेवले आहे. गणपती बाप्पा मोरया!