हृद्रोग्याची निद्रा आणि घरचा हात



आम्ही वैद्य नव्हे, शाळामास्तर. तरी एका विषयाकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. हृदयाची शक्ती क्षीण झाली म्हणजे अंगात थकवा मुरतो, आडवे होताच धाप लागते आणि डोळ्याला डोळा न लागता रात्र सरते. अशा रुग्णाच्या औषधाची चौकशी सर्वच करतात. निद्रेची क्वचितच कोणी करतो.

प्रवरा परिसरातील लोणी येथील परिचर्याशास्त्राच्या अभ्यासकांचा एक लेख २०१७ साली प्रसिद्ध झाला. पाठीच्या मर्दनाने अशा रुग्णांची झोप सुधारल्याचे त्यांना आढळले. प्रयोग लहान, परंतु उपाय घरच्या हातांना साधण्याजोगा आहे.

डॉक्टरांची संमती घेऊन, निजण्यापूर्वी १० मिनिटे पाठीवरून हलका हात फिरवावा. रुग्णास पालथे निजवू नये. उशीला टेकवून बसवावे. सुजलेले पाय रगडू नयेत. एकच पाय अकस्मात सुजून दुखू लागल्यास तो मुळीच चोळू नये. आत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून जिवावर बेतते. त्वरित डॉक्टरांस दाखवावे.

झोप लागू लागली म्हणून गोळ्या सोडणे हा मात्र आत्मघात होय. मर्दनाने विसावा मिळतो, हृदय बरे होत नाही. रोज सकाळी वजन पाहावे. ३ दिवसांत २ किलो वाढल्यास डॉक्टरांस कळवावे.

ही सेवा केवळ सुनेच्या माथी मारू नये. औषधाचे पैसे देणाऱ्या मुलानेही रात्री १० मिनिटे वडिलांजवळ बसावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.