मीडिआचे भित्तिपत्रक



ग्रंथालयाच्या उत्सवात मी ग्रंथाविषयी न बोलता भिंतीवर डकवायच्या एका कागदाविषयी बोलणार आहे, याबद्दल क्षमा असावी.

१८९८ साली पॅरिसच्या रेनेसाँस नाट्यगृहात सारा बर्नहार्टने कातुल मांदेस यांच्या ‘मेदे’ नाटकात भूमिका केली. नाटक फ्रेंच, परंतु कथा युरिपिडीसची. इ. स. पूर्व ४३१ मध्ये अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत त्याच्या ‘मीडिआ’ला तिसरा, म्हणजे शेवटचा क्रमांक मिळाला होता! परीक्षक सर्वत्र सारखेच.

त्या फ्रेंच प्रयोगाचे भित्तिपत्रक मोरावियातून आलेल्या आल्फोन्स मुखा या चित्रकाराने काढले. शिळाछापाचा हा कागद सुमारे पावणेसात फूट उंच आहे. गडद वस्त्रांत ताठ उभी मीडिआ, हातात रक्ताळलेला सुरा, पायांशी तिचीच मुले, मागे क्षितिजावर सूर्य. (सूर्य तिचा आजोबा, युरिपिडीसकडे ती अखेर त्याच्याच रथातून निसटते.) तिच्या हातावरचे सर्पकंकण मुखाच्या कल्पनेतले. बाईंना ते इतके आवडले, की त्यांनी जवाहिऱ्या फुके यांच्याकडून तसेच घडवून घेतले.

वर्गात मी वर्षानुवर्षे सांगत आलो, की ग्रीक रंगभूमीवर हत्या दिसत नाही. दाराआडून मुलांचा आक्रोश तेवढा ऐकू येतो. एकदा एका विद्यार्थिनीने हे चित्र पाहून विचारले, “सर, ही रागावलेली कुठे आहे? ही तर घाबरली आहे.” मी ‘भावविरेचन’ वगैरे ठरीव उत्तर दिले. घरी येऊन ते विस्फारलेले डोळे पुन्हा पाहिले. मुलीचे बरोबर होते. जेसनवरचा सूड पुरा झाल्यावर उरलेली ती बाई होती. मीडिआला मी केवळ ‘सूडाची मूर्ती’ म्हणून शिकवले, ही माझी चूक त्या जाहिरातीने दाखवली.

होय, जाहिरातच ती! पावसात भिजून गळून पडायची वस्तू. कोणा शौकिनांनी जपल्या म्हणून काही प्रती उरल्या.

आता मुद्द्याचे. आपल्या माळ्यावर जुन्या नाट्यप्रयोगांच्या हस्तपत्रकांचा एक गठ्ठा आहे. जागेअभावी तो रद्दीत द्यावा, अशी सूचना पुढे आल्याचे समजते. कार्यकारिणीने तूर्त तो माझ्या स्वाधीन करावा. सुटीत मी त्याची सूची करून देईन. कागदाला वाळवी लागली आहे, तेव्हा पावसाळ्यापूर्वी निर्णय व्हावा.